कुलपातल्या गाडीचे एकशे पाच किलोमीटर

१

शटर वर गेलं, शेडमध्ये उजेड शिरला आणि नर्सच्या हातातलं नवंकोरं पिवळं फडकं गळून जमिनीवर पडलं.

तिच्या गाडीचा डावा दिवा फुटला होता.

गाडी कसली, तिच्या जिवाचा तुकडा! आयुष्यातली पहिली गाडी. दुसऱ्याच्या हातून आलेली होती, मागच्या दारावर एक पोचाही होता. पण म्हणून काय झालं? निळा रंग अजून तुकतुकीत होता. गेल्या शनिवारी दुपारी विम्याची पॉलिसी हातात आली आणि त्याच संध्याकाळी तिने गाडी इथे, मावशीच्या सोफ्या-गाद्यांच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. घरासमोरची गल्ली अरुंद. "रस्त्यावर ठेवलीस तर चार दिवसांत कोणीतरी ओरखडे काढून ठेवील," असं बाबांनीच सांगितलं होतं. मग सात रात्री तिने हॉस्पिटलात शेवटच्या रात्रपाळ्या केल्या, आणि आज सुटल्या सुटल्या घरी जायचं सोडून ती थेट गाडीकडे आली. डोळ्यांत झोप होती, पण मन आनंदाने नुसतं उड्या मारत होतं.

आनंदाला कारणही तसंच होतं. सोमवारी सकाळी आठला तिची नवी नोकरी सुरू होणार होती. गावाबाहेरच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन रुग्ण पाहायचे. अट एकच: स्वतःची गाडी आणि तिचा धड विमा. त्यातलं एक नसलं तरी नोकरी दुसरीला.

"अगं बाई!" मागून मावशी ओरडली. "कुलूप तर मी आत्ता माझ्या हाताने काढलं! आत काय भूत शिरलं होतं?"

नर्सने गाडीचं दार उघडलं आणि कप्प्यातून एक कागद काढला. पेशंटच्या पायाशी तापाचा तक्ता असतो, तसाच तिने गाडीचा तक्ता ठेवला होता: तारीख, वेळ, किलोमीटर. चार वर्षांची सवय, हात आपोआप लिहितात. शेवटची नोंद गेल्या शनिवारची, एकेचाळीस हजार दोनशे बारा.

तिने किल्ली फिरवली. काट्याखाली आकडा उजळला: एकेचाळीस हजार तीनशे सतरा.

तिने दोनदा वजाबाकी केली. कुलपात बंद असलेली गाडी आठवड्यात एकशे पाच किलोमीटर फिरून आली होती.

२

विमा कंपनीला फोन केला तेव्हा तिला वाटलं होतं, कोणी फोटो काढायला येईल आणि जाईल. पण पॉलिसीला आठवडा होतो न होतो तोच दावा, हे ऐकून पलीकडचा आवाज एकदम सावध झाला. "आमच्या तपासनीस बाई येतील. पॉलिसीवरच्या पत्त्यावर थांबा."

बरोबर अकराला बाई घरी हजर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दुपट्ट्याच्या काठाला पाच-सहा टाचण्या टोचलेल्या. "ऑफिसात मला टाचणीबाई म्हणतात," त्यांनी स्वतःच सांगितलं. "पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं." दारासमोर मोठं झाड होतं आणि त्याखाली बाक. बाई टेकायला गेल्या आणि लगेच उठल्या. दुपट्ट्याला चिकट ठिपके लागले होते.

"महिनाभर गळतं ते झाड," नर्स ओशाळून म्हणाली. "आत या ना."

फाटकाशी कचऱ्याचा डबा होता. त्याच्या शेजारी वर्तमानपत्रात बांधलेलं, वर 'सांभाळून उचला' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं एक पुडकं. बाबांचं सगळं असंच. चौतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात घालवलेला माणूस; कचरासुद्धा लेबल लावून टाकायचा. टाचणीबाई पुडक्यापाशी क्षणभर रेंगाळल्या आणि आत आल्या.

"गाडी कुठाय?"

"मावशीकडे. नेहमी तिथेच ठेवायची ठरलंय."

"असं?" बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. "मग हा नववा प्रश्न वाचा बरं मोठ्याने."

नर्सने वाचलं. 'गाडी रात्री कुठे ठेवली जाते?' आणि पुढे, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, राहत्या घराचा पत्ता.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. फॉर्म बाबांनी भरला होता; घरातला प्रत्येक फॉर्म बाबाच भरत. तिने फक्त सही केली होती, तीही डबा भरता भरता, न वाचता.

"चूक झाली हो! मुद्दाम नाही केलं!"

"प्रत्येक जण हेच म्हणतो," टाचणीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच नर्सला जास्त भीती वाटली. "शेड एका भागात, घर दुसऱ्या भागात, हप्त्याचा दर वेगळा. खोटी माहिती ठरली तर दावा तर जाईलच, पॉलिसीही रद्द होईल. आणि एकदा रद्द झाली की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही."

म्हणजे सोमवार गेला. नोकरी गेली. नर्सने बाबांकडे पाहिलं. उंच, सडपातळ बाबा खिडकीशी उभे होते, चेहरा ओढलेला.

"बाबा, सांगा ना यांना, तुमच्याकडून चूक झाली म्हणून!"

"फॉर्मवर लिहिलंय ते खरं आहे," बाबा ठामपणे म्हणाले. "अक्षर न् अक्षर खरं आहे."

आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले. नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीची नोकरी चाललीय आणि यांचा ताठा बघा!

टाचणीबाईंनी दुपट्ट्यातली एक टाचणी काढून फॉर्मला लावली. "चला, शेड बघू. माझ्या गाडीतून जाऊ. आणि हो, तुमच्या रोजच्या रस्त्याने."

शेडच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीचा आकडा पाहिला आणि गालातल्या गालात हसल्या. का हसल्या, ते मात्र सांगितलं नाही.

३

शेडमध्ये टाचणीबाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर चक्क गुडघ्यावर बसल्या. फुटलेल्या दिव्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही; जमीन पाहिली. मग उठून गाडीच्या टपावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, चालकाच्या आसनावर वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "किल्ल्या किती?"

"दोन जुडगे," नर्स म्हणाली. "प्रत्येकात एक गाडीची, एक कुलपाची. एक मावशीच्या शिलाई मशीनच्या खणात, एक आमच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला."

"बोलवा सगळ्यांना."

सगळे म्हणजे तिघं. मावशी, मावशीचे यजमान आणि त्यांची मुलगी, जिला घरात-दारात सगळे चिमणी म्हणत. अंगाने चिमणीएवढी आणि तोंडाने सतत चिवचिव. आज मात्र चिमणी गप्प होती, आणि तेच नर्सला खटकलं. परवाच तर ही गाडी चालवायची परीक्षा पास झाली होती! नवा परवाना, शेडमध्ये आयती गाडी, खणात किल्ली. नर्सने मनातल्या मनात निकालही देऊन टाकला.

काकांना पहिल्यांदा विचारलं. काकांच्या केसांपासून चपलांपर्यंत कापूस चिकटलेला.

"तुमचा टेम्पो आठवडाभर दुरुस्तीला आहे म्हणे."

"आहे की. म्हणून काय पोरीच्या गाडीत सोफे कोंबून नेले मी?" काका भडकले. "तीन आसनी सोफा जाईल का त्यात? डोकं लढवा जरा!"

"अहो, नीट बोला," मावशी म्हणाली.

"नीटच बोलतोय! हिच्या गाडीला मी हात लावला असेल तर…"

"लावला नाहीत," टाचणीबाई शांतपणे म्हणाल्या. "मघाशी तुम्ही त्या स्टुलावर बसला होतात. बघा."

सगळ्यांनी पाहिलं. स्टुलावर कापसाचा पांढरा थर. मावशी फस्सकन हसली.

"गाडीचं आसन काळं आहे आणि त्यावर एक तंतू नाही. काका, तुम्ही सुटलात. आता या ताई."

चिमणीचा चेहरा लाल झाला. टाचणीबाईंनी तिला गाडीत बसायला सांगितलं. ती चालकाच्या जागी बसली आणि तिचे पाय हवेत राहिले! आसन पार मागे सरकवलेलं होतं. ब्रेकपर्यंत तिचा अंगठाही पोचेना.

"हे तर मीही असं ठेवत नाही," नर्स चमकून म्हणाली. "मला एवढं मागे जमतच नाही."

"तुम्हीही सुटलात," बाई चिमणीला म्हणाल्या. "पण ताकाला जाऊन भांडं का लपवताय? काहीतरी माहितीय तुम्हाला."

चिमणीने आधी नर्सकडे पाहिलं, मग आईकडे, आणि एकदम सगळं ओतलं. "शटरचा आवाज यायचा! रोज! रात्री नऊच्या सुमाराला, ही दोघं टीव्ही लावून बसायची तेव्हा. आणि पहाटे साडेपाचला परत. मी अभ्यास करायचे ना मागच्या खोलीत."

"मग बोलली का नाहीस?" नर्स किंचाळली.

"मला वाटलं तूच आहेस, ताई! मला वाटलं तू रात्रपाळीचं नाव सांगून कुणाला तरी भेटायला जातेस!"

"कुणाला?"

"ते मला काय माहीत! पण मला इतका आनंद झाला होता…"

मावशीने कपाळावर हात मारला. काकांना हसू आवरेना. पण टाचणीबाई हसत नव्हत्या.

"तुमच्या घरापासून इथपर्यंत साडेसात किलोमीटर भरले," त्या नर्सला म्हणाल्या. "जाऊन-येऊन पंधरा. सात रात्री. सात पंधरे किती?"

"एकशे पाच," नर्स पुटपुटली आणि तिच्या अंगावर काटा आला.

"गाडी रोज रात्री इथून तुमच्या घरी गेली आणि पहाटे परत आली. चोर रोज परत आणून कुलूप लावत नाही. इथलं जुडगं रात्रभर मशीनच्या खणात आणि मशीनपुढे ही दोघं टीव्ही बघत. राहिली तुमच्या घरची किल्ली." बाईंनी दुसरी टाचणी काढली. "सांगा आता. रात्रपाळीला खरंच गेला होतात?"

४

"हजेरीपट बघा! वॉर्डातल्या कुणालाही विचारा!" परतीच्या वाटेवर नर्स तावातावाने बोलत होती. "मी कशाला माझीच गाडी चोरू?"

"तुम्ही नाहीच," टाचणीबाई म्हणाल्या. "तुमचं आसन पुढे असतं. नुसतं विचारून पाहिलं."

"मग कोण? आमच्या घरी मी आणि बाबा, दोघंच…"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. बाबा? बाबा तर गाडीला हातही लावत नाहीत. परवाना मात्र वेळच्या वेळी नवा करून घेतात, कारण कुठलाही कागद मुदतीबाहेर गेलेला त्यांना खपत नाही. आणि बाबा उंच आहेत. चांगले बांबूसारखे उंच.

टाचणीबाईंनी गाडी झाडाखाली लावली. फाटकाशी पुडकं अजून तसंच होतं. त्यांनी वाकून ते उचललं, गाठ सोडली. वर्तमानपत्रात दिव्याची फुटलेली काच होती. एकेक तुकडा वेचून ठेवलेला.

"शेडच्या जमिनीवर काचेचा कणही नव्हता. तेव्हाच कळलं, दिवा तिथे फुटलेला नाही," बाई म्हणाल्या. "आणि छपराखाली ठेवलेल्या गाडीच्या टपावर तुमच्या या झाडाचा चीक. पण मला खात्री पटली ती या लेबलवरून. कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून चिठ्ठी लिहिणारा गुन्हेगार मी बावीस वर्षांत पाहिला नाही."

बाबा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"या फाटकाच्या खांबाला घासली काल रात्री," ते म्हणाले. "मला वळणाचा अंदाज आला नाही."

"बाबा, पण का?" नर्सचा आवाज चिरकला. "का केलंत हे?"

बाबा पायरीवर बसले. बसले कसले, कोसळलेच.

"चौतीस वर्षं पत्त्याच्या रकान्यात मी एकच गोष्ट लिहीत आलो. राहतं घर. हात आपोआप चालला. पॉलिसी आली त्या रात्री तू ड्यूटीवर गेलीस आणि मी ती वाचायला घेतली. शेवटच्या पानावर ओळ होती, माहिती खोटी असल्यास विमा रद्द." ते थांबले. "तुझ्या सहीखाली मी खोटं लिहून ठेवलं होतं. माझ्या नव्हे, तुझ्या. कंपनीला कळवलं तर सोमवारच्या आत पॉलिसी रद्द करतील अशी धास्ती बसली. मग वाटलं, कागद बदलता येत नसेल तर गाडी बदलावी. गाडी रात्री इथे राहिली, की लिहिलेलं खरं."

"म्हणजे रोज शेवटची बस पकडून शेडला? आणि सकाळी फिरायला जातो म्हणून सांगत होतात ते…"

"पहिल्या बसने परत यायचो. तू आठला येतेस. त्याआधी झोपायला तासभर मिळायचा."

नर्सला हसावं की रडावं कळेना. मग तिच्या लक्षात आलं. "पण बाबा, गाडी रस्त्यावर ठेवायची नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणून तर बसायचो." बाबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. आत, खिडकीला लावून, लाकडी खुर्ची होती. "डोळ्यात तेल घालून राखली. एक ओरखडा येऊ दिला नाही. मी काढला तेवढा सोडून."

सात रात्री. ती तिकडे वॉर्डात जागत होती आणि हे इकडे खुर्चीत. दोघंही रात्रपाळीला, एकमेकांना पत्ता नाही. आता तिला दिसलं, जे नर्स असून आठवडाभर दिसलं नव्हतं. बाबांचे घोटे सुजले होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि ढसाढसा रडली. राग कधीच विरघळून गेला होता.

"तुम्ही मला नुसतं सांगायचं होतं हो, बाबा."

"लाज वाटली गं."

टाचणीबाईंनी घसा खाकरला. नर्सने डोळे पुसले आणि एकदम भानावर आली. निकाल अजून बाकीच होता!

"लोक गाडी एकीकडे ठेवतात आणि कागदावर दुसरीकडची दाखवतात, हे माझं रोजचं दुखणं," बाई सावकाश म्हणाल्या. "कागदासाठी गाडी हलवणारा माणूस पहिलाच. आता सरळ हिशेब बघा. प्रश्न काय? गाडी रात्री कुठे असते. पॉलिसी सुरू झाल्यापासून रात्री किती? सात. सातही रात्री गाडी कुठे? फॉर्मवरच्या पत्त्यावर. दिवा कुठे फुटला? त्याच पत्त्यावर. चालवत कोण होतं? फॉर्मवर दुसरा चालक म्हणून यांनी स्वतःचं नाव लिहिलंय, परवान्याच्या क्रमांकासकट." त्यांनी फॉर्म मिटला. "आजच्या घडीला यात एक अक्षर खोटं नाही. दावा मंजूर."

"देवा!" नर्स उठून उभीच राहिली.

"आनंद नंतर करा. आज रात्री गाडी शेडमध्ये राहिली, की हाच फॉर्म खोटा. आणि यांना आठवी रात्र मी बसू देणार नाही. पत्ता बदलायचा अर्ज आज द्यावा लागेल, गाडीही समक्ष दाखवायची. ऑफिस शनिवारी दोनला बंद होतं. आत्ता एक वाजलाय."

५

टाचणीबाई ऑफिसात अर्ज काढून ठेवायला पुढे गेल्या आणि ही दोघं रिक्षा करून शेडकडे सुटली. नर्सने रिक्षातूनच फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे मावशी आधीच शटर वर करून उभी होती. "भाऊजी, तुम्ही पण ना!" एवढंच ती म्हणाली आणि बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं. चिमणीने खिडकीतून डोकं घालून विचारलं, "म्हणजे ताई, खरंच कोणी नाहीये?"

"पट्टा लावा बाबा," नर्स म्हणाली, आणि गाडी निघाली.

एक दिवा फुटलेली, टपावर चिकाचे ठिपके, तरी काय झोकात चालली होती! एक पस्तीसला पुलावर. एक त्रेचाळीसला चौकात, आणि तिथे लाल दिवा लागला तो हलायलाच तयार नाही. नर्सची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती. तिने बाजूला पाहिलं. बाबांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते. हिरवा लागल्यावर तिने गाडी इतकी अलगद उचलली की त्यांची मान हललीसुद्धा नाही.

एक बावन्न. ऑफिसच्या पायरीवर टाचणीबाई घड्याळाकडे बघत उभ्याच होत्या. आत चला म्हणून हात केला, मग गाडीत डोकावल्या आणि काहीही न बोलता अर्ज, पेन आणि खाली धरायला एक जाड फाइल घेऊन खिडकीशी आल्या.

"इथेच लिहा. तुम्ही स्वतः."

नर्सने नाव लिहिलं, पॉलिसी क्रमांक लिहिला. मग तो रकाना आला. गाडी रात्री कुठे ठेवली जाते? तिने पेन टेकवलं आणि हात थबकला.

मावशीकडे. जन्मापासून ती मावशीकडे जात होती. डावं वळण, मग पाण्याची टाकी, मग मावशी. घराचा क्रमांक काय, रस्त्याचं नाव काय, कधी लागलंच नव्हतं. फोन काढावा, तर तो गडबडीत मावशीच्या शेडमध्येच राहिलेला. घड्याळात दोनला चार मिनिटं.

"बाई, मला पत्ता माहीतच नाही," ती रडकुंडीला येऊन कुजबुजली.

शेजारून आवाज आला. डोळे मिटलेले ठेवूनच बाबांनी घराचा क्रमांक सांगितला, रस्ता सांगितला, वॉर्ड सांगितला आणि पोस्टाचे आकडे एकेक करून, सुटे सुटे सांगितले. नर्स भराभर उतरवून घेत गेली.

"घाई करू नकोस," बाबा म्हणाले. "सावकाश लिही. मी जागा आहे."

आणि तिची सही पुरी व्हायच्या आत ते पुन्हा घोरू लागले.